जिंकता न आलेला जंजिरा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. वर उड्डाणपूल, खाली रिक्षांची गर्दी. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रकाठची. आमच्या द्वारकेत पाणी साचते ते फक्त पावसाळ्यात, चौक तुंबल्यावर. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न निघाला की आमच्या घरात 'समुद्र' हे उत्तर ठरलेले असते. वाद होतो तो कोणता किनारा, एवढ्यावरच.

या वेळी मी मुरुड-जंजिऱ्याचे नाव काढले आणि चिरंजीवांनी हरकत घेतली. "बाबा, पोरांना आधी आपण जिंकलेला किल्ला दाखवू या ना. सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे. जंजिऱ्यावर काय सांगणार त्यांना?"

हरकत बिनबुडाची नव्हती. नातू चौथीत आहे. चौथीचे इतिहासाचे पुस्तक म्हणजे शिवाजी महाराज. अशा वयाच्या मुलाला महाराजांना मिळाला नाही असा किल्ला दाखवायचा म्हणजे अवघडच. पण मला वाटत होते की, दाखवायचा तर याच वयात. नंतर मुले प्रश्न विचारायचे सोडून देतात.

पहाटे निघालो. कसारा घाट, भिवंडी, पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंड्याचा पूल आणि मग काशीदचा किनारा. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा पल्ला. नातीला गाडी लागली, सौ.नी आणलेल्या आवळासुपारीने ती सावरली. बाकी प्रवासाचे वर्णन करण्यात अर्थ नाही. मुरुडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर गेलो.

तिथून शिडाच्या होड्या सुटतात. इंजिनाची घरघर नाही, नुसता वारा आणि सुकाणू. किल्ला समोर दिसत असतो, पण त्याचा दरवाजा काही दिसत नाही. होडी तटाला अगदी भिडते तेव्हा कुठे दोन बुरुजांच्या मधून तो पुढे येतो. नातू म्हणाला, "लपाछपीत लपलाय!" किल्ला बांधणाऱ्याला यापेक्षा चांगला शेरा मिळणार नाही.

तांडेल बोलका होता. त्याने बसल्याबसल्या माहिती द्यायला सुरुवात केली. बावीस एकरांचे बेट, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षे. बँकेत उमेदीची सगळी वर्षे घालवल्यामुळे एक खोड लागली आहे: तीन रकान्यांत एकच आकडा आला की कागद बाजूला काढायचा. पुस्तकांत बुरुजांचा आकडा एकोणीसही सापडतो, आणि दगडी तट बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ या काळात उभारला असे सांगितले जाते. म्हणजे बावीस नव्हे, चारच वर्षे. पण मी गप्प राहिलो. नातीने बोटे मोडत बुरूज मोजायला घेतले आणि चौदाव्याला होडी वळल्यामुळे तिचा हिशेब चुकला.

त्याआधी इथे लाकडी मेढेकोट होता, तो कोळ्यांचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा प्रमुख राम पाटील याने चाच्यांपासून बचावासाठी तो उभा केला. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या सोंगाने येऊन, कोळ्यांना दारू पाजून तो घेतला, अशी कथा आहे. पुढे बेट सिद्दींकडे आले. ही मूळची अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूची माणसे. गुलाम म्हणून विकली जाऊन दख्खनमध्ये आली आणि तलवारीच्या बळावर दरबारात वर चढली. मलिक अंबर त्यांतलाच. विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशाने तीनशेहून अधिक वर्षे एक बेट राखले आणि १९४८ साली संस्थाने विलीन झाली तेव्हाच ते सोडले. कोणाला आवडो न आवडो, ही गोष्ट महाराष्ट्राच्याच इतिहासातली आहे. 'जंजिरा' हा शब्दही अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे 'बेट' या शब्दावरून आलेला. आपण तो इतका आपलासा केला की महाराजांच्या पाणकिल्ल्यालाही 'जंजिरे सिंधुदुर्ग' म्हणू लागलो.

आत शिरताना दरवाजाच्या भिंतीवर एक शिल्प दिसते. वाघासारख्या जनावराने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. त्यापुढे पडझड झालेला वाडा, ओसाड घरे, आणि तटावर कलालबांगडी ही अवाढव्य तोफ. तोफेवर चढून फोटो काढणाऱ्यांची रांग होती. मला मात्र तोफेपेक्षा तलावाने धरून ठेवले. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव! वेढा घालणाऱ्याने शत्रूची तहान मोजावी, आणि शत्रूला तहानच नसावी.

तिथेच कठड्यावर बसलो असताना नातवाने विचारले, "आजोबा, मग आपण हरलो का?"

मी त्याला जमेल तसे सांगितले. नुसत्या तटामुळे हा किल्ला टिकला नाही. १६७० च्या सुमारास फत्तेखान सिद्दी तह करायला तयार झाला होता, पण त्याच्याच माणसांनी त्याला कैद केले आणि मोगलांचे छत्र पत्करले. सुरतेहून मोगलांचा पैसा येई, आणि पावसाळ्यात त्यांची गलबते मुंबई बंदरात इंग्रजांच्या आसऱ्याला राहत. म्हणजे भांडण एका बेटाशी नव्हतेच. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकायला घेतला. पण हसन अलीखान मोगल फौज घेऊन कोकणात उतरल्यामुळे त्यांना माघारी वळावे लागले. पुढे चिमाजी अप्पांनी १७३६ मध्ये रेवासजवळच्या लढाईत सिद्दी सात याला मारले. सिद्दीचा जोर मोडला, बेट राहिले.

"म्हणजे हरलो नाही, पण जिंकलोही नाही," नात म्हणाली. ती सातवीत आहे.

संध्याकाळी मुरुडच्या वाळूत बसलो. समोर समुद्रात आणखी एक किल्ला दिसत होता, पद्मदुर्ग. जंजिरा मिळेना तेव्हा महाराजांनी सिद्दीच्या डोळ्यांसमोरच दुसऱ्या खडकावर तो उभारला. काम चालू असताना प्रभावळीच्या सुभेदाराने, जिवाजी विनायकाने, ठरलेले द्रव्य आणि धान्य पोचवले नाही. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. इतके खरमरीत पत्र मी दुसरे वाचलेले नाही. ऐन वेळी रसद अडवणारा चाकर ब्राह्मण आहे म्हणून त्याची गय होणार नाही, असे त्यात बजावले आहे. मंजूर झालेली रक्कम वेळेवर न पोचल्याने बुडालेली कामे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. कर्जदाराच्या बाजूने असे पत्र लिहिणारा वरिष्ठ मात्र एकही पाहिला नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. आमच्या जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आहेत. पद्मदुर्ग नाही. जंजिरा तर मराठ्यांचा नव्हेच. पण महाराजांनी आरमारावर एवढा जीव का टाकला, हे पाहायचे तर राजपुरीच्या खाडीसारखी दुसरी जागा नाही, असे माझे मत आहे.

रात्री खोलीवर पोरे झोपेनात. तेव्हा ज्यांनी हरकत घेतली होती त्या चिरंजीवांनीच लाय पाटलाची गोष्ट सांगायला घेतली. मला वाटले होते, विसरला असेल. लाय पाटील हा सोनकोळी. ठरल्याप्रमाणे रात्री आपली माणसे घेऊन त्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून मोरोपंत पिंगळे फौजेसह यायचे होते. ते वेळेवर आले नाहीत. उजाडू लागले तशा त्याने शिड्या काढल्या आणि माणसे परत आणली. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, दर्यात फिरणाऱ्या कोळ्याला पालखी काय करायची? तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव 'पालखी' ठेवले, असे बखरीत आहे.

"पण किल्ला तर मिळालाच नव्हता ना? मग बक्षीस कशाचं?" नातवाने अंधारातून विचारले.

"शिड्या लावल्या त्याचं," चिरंजीव म्हणाले. "आता झोपा."