घरगुती टाकाऊ साहित्यातून प्रमाणबद्ध प्रतिकृती : अंकाई-टंकाईचा नमुना

दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ले करतात. दगड, विटा, गोणपाट व चिखल एवढ्या साहित्यावर ती डोंगर उभा करतात, त्यावर हाळीव पेरतात व मातीचे मावळे मांडतात. या खेळातील हस्तकौशल्य व सहकार्य मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही. तथापि या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि हाळिवाचे रोप बुरुजावरून डोकावते. खेळ म्हणून ते शोभते, परंतु त्यावरून खऱ्या किल्ल्याची कल्पना येत नाही. प्रतिकृतीस शैक्षणिक मूल्य येते ते प्रमाणामुळे. प्रतिकृतीतील प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ठरावीक पटीने लहान असली पाहिजे, आणि ती पट सर्वत्र एकच असली पाहिजे. हे तत्त्व पाळण्यास महाग साहित्य लागत नाही. घरात टाकून दिलेल्या जिनसाच येथे अधिक उपयोगी पडतात. येवला तालुक्यातील अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्याचे उदाहरण घेऊन ही रीत पुढे सांगितली आहे.

पुरातन उदाहरण

प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे हा केवळ शाळेतील उपक्रम नव्हे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, १६६८ पासून, सीमेवरील तटबंदीच्या नगरांच्या प्रतिकृती १:६०० या प्रमाणात करण्याचे काम सुरू झाले. त्यांपैकी सुमारे शंभर आजही जतन केलेल्या आहेत. लढाईचा बेत आखण्यासाठी त्यांचा उपयोग होई, म्हणून त्यांत अंदाजास वाव नव्हता. असे असूनही साहित्य साधेच होते : लाकूड, रंगवलेला कागद, बारीक वाळू, आणि झाडाझुडपांसाठी कातरलेले रेशीम. येवल्याच्या शिक्षकास ही शेवटची गोष्ट विशेष वाटेल. पैठणी विणणाऱ्या घरांत रेशमाचे तुटके धागे केरात जातात, आणि तीच वस्तू राजाच्या कारागिरांनी जपून वापरली होती.

प्रमाण कसे ठरवावे

अंकाई व टंकाई हे दोन डोंगर मनमाडच्या दक्षिणेस, एका खिंडीने जोडलेले आहेत. टंकाईच्या अंगास जैन लेणी आहेत, तर अंकाईच्या माथ्यावर तलाव आहे. १६३५ मध्ये हा किल्ला मोगलांनी घेतला व १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. असे दोन डोंगर वर्गातील एका टेबलावर बसवावयाचे, तर प्रमाण विचारपूर्वक निवडावे लागते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे असतात. नकाशातील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. हा नकाशा दहा पट मोठा केला की १:५,००० हे प्रमाण मिळते. मग प्रतिकृतीतील एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर व एक मिलिमीटर म्हणजे ५ मीटर होतो. हा हिशोब इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांस तोंडी करता येतो, हा या प्रमाणाचा मोठा लाभ आहे. नकाशा मोठा करण्यासाठी त्यावर पाच मिलिमीटरचे चौकोन आखावेत, मोठ्या कागदावर पाच सेंटिमीटरचे चौकोन आखावेत, आणि एकेका चौकोनातील रेषा पाहून दुसऱ्यात उतरावी.

पुठ्ठ्याचे थर

नकाशातील समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे दाखवतात. दोन रेषांतील उंचीचे अंतर नकाशावर नमूद असते. ते २० मीटर असल्यास १:५,००० या प्रमाणात ४ मिलिमीटर होते, आणि किराणा दुकानातील खोक्याचा नळीदार पुठ्ठा साधारण तेवढाच जाड असतो. म्हणजे एका समोच्च रेषेस पुठ्ठ्याचा एक थर पुरतो. पुठ्ठ्याची जाडी मात्र गृहीत धरू नये. दहा तुकडे एकावर एक ठेवून मोजावेत व दहाने भागावे. लहान माप अचूक काढण्याची ही युक्ती मुलांस पुढेही उपयोगी पडते. जाडी कमी भरल्यास जुन्या लग्नपत्रिकांचे कागद मध्ये घालून ती पुरी करावी.

प्रत्येक रेषेच्या आकाराचा तुकडा कापून तो खालच्या थरावर खळीने चिकटवावा. खळीस कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने तो मुलांच्या हाती देऊ नये. त्याऐवजी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात खळ शिजवावी.

थर चढू लागले की मुलांच्या ध्यानात एक गोष्ट आपोआप येते. जेथे रेषा दूर, तेथे उतार सौम्य, आणि जेथे त्या एकमेकींस भिडतात, तेथे कडा. येथे शिक्षकाने भूगर्भाची माहितीही द्यावी. सह्याद्री व त्याचे फाटे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाले आहेत. कठीण थराचे कडे राहिले व मृदू थर झिजून उतार झाला. पायरीपायरीचा हा डोंगर पुठ्ठ्याच्या थरांतून जसा समजतो, तसा फळ्यावरील चित्रातून समजत नाही.

कणाचे माप

वरचा पृष्ठभाग घडवताना बहुतेकांची चूक होते. ज्या वस्तूचा जो कण, त्याचे प्रतिकृतीत काय होईल, हे आधी मोजले पाहिजे. १:५,००० या प्रमाणात दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा म्हणजे दहा मीटरचा वृक्ष. चहाच्या चोथ्याचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे पाच मीटरचे झाड. अर्ध्या मिलिमीटरचा रव्याचा कण म्हणजे अडीच मीटरची शिळा. पाच सेंटिमीटर वाढलेले हाळिवाचे रोप २५० मीटर उंच ठरेल. आणि मनुष्य ? १६५ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य या प्रतिकृतीत मिलिमीटरचा तिसरा हिस्सा भरतो, म्हणजे रव्याच्या कणाहूनही लहान. या किल्ल्यावर मावळे ठेवता येणार नाहीत, हे मुलांनी स्वतः हिशोब करून सांगावे. त्यांना क्षणभर वाईट वाटेल, परंतु डोंगर केवढा आणि त्यापुढे मनुष्य केवढा, हे त्यांना त्याच क्षणी कळेल.

या कसोटीने घरातील वस्तू पारखाव्यात. थरांच्या पायऱ्या बुजवण्यासाठी कागदाचा लगदा व मेथीचे पीठ यांचे मिश्रण घ्यावे. सुपे व टोपल्या लिंपण्याची ही गृहिणींची जुनी कृती आहे. लगदा वाळताना आकसतो व जाड थरास तडे जातात, म्हणून पातळ हात द्यावा व तो पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा. कड्यांस मात्र लगदा लावू नये, अन्यथा ते उतारासारखे दिसतील. काळ्या पाषाणास चाळलेली राख व तव्यामागील काजळी खळीत कालवून लावावी. मातीच्या पट्ट्यांस गेरू लावावा. हळदीचा रंग उन्हात उडतो व चुन्याशी मिळताच लाल होतो, म्हणून तो टाळावा, परंतु ही गंमत मुलांस एकदा अवश्य दाखवावी.

गवताळ उतारांसाठी रेशमाचे टाकाऊ धागे कात्रीने शक्य तितके बारीक करावेत. कांद्याची वाळकी सालपटे पाण्यात उकळली की पिवळसर तपकिरी रंग निघतो आणि रेशमावर तो चांगला धरतो. पावसाळा सरल्यानंतरच्या डोंगराचा रंग त्यातून साधतो. तलावासाठी संक्रांतीत फाटलेल्या पतंगाचा निळा कागद पुरेसा आहे. मोहरी, रवा यांसारखे धान्य मापाच्या अभ्यासापुरतेच वापरावे, कारण उंदीर ते शिल्लक ठेवत नाहीत. कायमच्या कामास चहाचा वाळवलेला चोथा व लाकडाचा भुसा बरा. थर्माकोल मात्र नको. सजावटीसाठी त्याच्या वापरास महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी घालण्यात आली आहे.

दरवाजासाठी दुसरे प्रमाण

पायऱ्या व दरवाजे दाखवण्याची मुलांची इच्छा रास्त आहे. त्यासाठी १:५० या प्रमाणात एका दरवाजाची स्वतंत्र प्रतिकृती करावी. येथे मनुष्य ३.३ सेंटिमीटरचा होतो, तीन मीटरचा दरवाजा सहा सेंटिमीटरचा, आणि २० सेंटिमीटरची पायरी ४ मिलिमीटरची, म्हणजे पुन्हा पुठ्ठ्याचा एक थर. दोन मिलिमीटरची काडेपेटीची काडी दहा सेंटिमीटरच्या फळीसारखी दिसते, तर पतंगाच्या कामट्या अडसरास चालतात. डोंगराच्या प्रतिकृतीवर जी काडी दहा मीटर जाड ठरली असती, तीच येथे योग्य बसते. वस्तू तीच राहिली, प्रमाण बदलले, आणि तिचा अर्थही बदलला. या दोन प्रतिकृती शेजारी ठेवाव्यात. स्थळभेटीत मुलांनी मापे घ्यावीत, परंतु लेण्यांतील व तटाचा एकही दगड उचलून आणू नये.

गावाच्या शिवाराकडे

याच रीतीने पुढे आपल्या गावाच्या शिवाराची प्रतिकृती करावी. सपाट जमिनीत दहा मीटरचा चढ १:५,००० प्रमाणात केवळ दोन मिलिमीटर भरतो व डोळ्यांस दिसत नाही. तेथे उंची पाच पट वाढवावी लागते. असे करण्यास हरकत नाही, मात्र ‘उंची पाच पट वाढवली आहे’ असे प्रतिकृतीच्या पाटीवर स्पष्ट लिहावे. न सांगता वाढवलेली उंची म्हणजे खोटे माप होय.

वाळलेल्या प्रतिकृतीवर मेणाचा हात फिरवून वरून थेंब थेंब पाणी सोडले की ते कोठून वाहते व कोठे साचते, हे दिसते. येवला तालुका अवर्षणप्रवण आहे. कोणत्या बांधावर पाणी अडवले असता ते कोणाच्या विहिरीस लाभेल, हा प्रश्न येथील प्रत्येक घराचा आहे. सहावी-सातवीतील मुलांनी मोजून केलेली प्रतिकृती ग्रामसभेच्या दिवशी शाळेत मांडून ठेवल्यास वडीलधारी मंडळी तिच्याभोवती जमतील, आपापले शेत शोधतील व चुका दाखवतील. त्या चुका मुलांनी जागेवर जाऊन पुन्हा मोजाव्यात व दुरुस्त कराव्यात.

प्रतिकृतीचे मूल्यमापन करताना रंग वा सुबकता यांस थोडे गुण ठेवावेत. तिच्यावरील कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवून ‘ही प्रत्यक्षात केवढी ?’ असे विचारावे. मुलाने पट्टी लावून, गुणाकार करून उत्तर दिले, तर पाठ पुरा झाला असे समजावे.