अंगणातील हिवाळी पाखरे



मेळघाटात थंडी पडली की आमच्या वस्तीभोवती पाहुणे येतात. विहिरीपाशी शेपटी वरखाली हलवत फिरतो तो धोबी. कुंपणावर बसून शेपूट थरथरवतो तो थिरथिरा. दोघेही उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्यात परततात. ज्वारी भरली की मध्य आशियातून आलेल्या भोरड्या थव्याने उतरतात. दाणे खातात म्हणून आम्ही त्यांना हाकलतो, पण नाकतोडेही त्याच फस्त करतात.

एक पाखरू मात्र पाहुणे नव्हे, घरचेच आहे: रानपिंगळा. १८८४ नंतर ११३ वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर मेळघाटातही. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर दाट पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. हा दिवसाउजेडी सरडे, उंदीर धरतो आणि हिवाळ्यात झाडाच्या ढोलीत अंडी घालतो.

म्हणून जुने पोकळ झाड सरपणाला गेले की त्याचे घर मोडते. घुबड अशुभ ही समजूतही त्याच्या जिवावर उठते. चुलीला लाकूड लागणारच. पण पडलेल्या फांद्या आणा, ढोलीचे झाड राखा, असे आम्ही कोरकू बांधवांना घरोघरी सांगतो. निर्धूर चुलींसाठी आपण मदत पाठवता, तेव्हा आयाबायांच्या डोक्यावरची मोळी हलकी होते आणि एखादी ढोलीही वाचते. चिमणीचीही काळजी वाहणाऱ्या पित्याला हे नक्की आवडत असेल.