कुत्रं कुणाचं?



लागण, खोडवा, पाचट यांवर या पानांत आपण नेहमीच बोलतो. यावेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या शिवाराबाहेरचा नाही.

गेल्या हंगामात माझ्या फडाला तोड चालू होती. बांधाकडेला कोप्या पडलेल्या. आईबाप पहाटेपासून फडात, आणि त्यांची सहा-सात वर्षांची पोर धाकट्या भावाला काखेत घेऊन पाण्याला निघालेली. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं आणि पोरीच्या पोटरीचा लचका तोडला. मुकादम आणि मी वस्तीवर गेलो. वस्तीवाले आपलेच सभासद, माझ्यापेक्षा वडील. विचारलं, "अण्णा, कुत्र्याला लस टोचली होती का?" अण्णा म्हणाले, "कुत्रं आमचं न्हाई बाबा. येतं, पडतं, उरलीसुरली भाकरी टाकतो, एवढंच."

आता याच कुत्र्याच्या जिवावर अण्णांची मोटार आणि केबल रात्रभर विहिरीवर सुखरूप असते, हे साऱ्या शिवाराला ठाऊक आहे. राखणीला कुत्रं आपलं, आणि चावलं की गावाचं!

कुत्रे पाळणारांवर व त्यांची पैदास करणारांवर नवे कडक कायदे करा, म्हणजे लोक जबाबदारीने वागतील, असे हल्ली पुष्कळजण म्हणतात. मलाही तसेच वाटे. पण कायदा लागू व्हायला आधी कुणीतरी "हे कुत्रं माझं" असे म्हणावे लागते. आपलं घोडं नेमकं तिथंच अडतं.

कायदे नाहीत असे नाही. जनावर नीट न सांभाळल्याने माणसाच्या जिवाला धोका झाला, तर जुन्या दंड विधानाच्या कलम २८९ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात हेच कलम २९१ झाले आणि दंड ५,००० रुपयांपर्यंत गेला. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत पाळीव कुत्र्याची लस, जंताचे औषध व नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. मोकाट कुत्र्यांचे हेच काम स्थानिक संस्थेकडे, म्हणजे खेड्यात ग्रामपंचायतीकडे येते. ग्रामपंचायतीकडे त्यासाठी माणूस कुठला आणि पैसा कुठला, हे सरपंचांना विचारा.

पैदाशीचे नियम २०१७ साली आले. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकायचे नाही, दीड वर्षाच्या आत मादी भरवायची नाही, वर्षातून एकच वेत घ्यायचे, आणि सगळ्याचे दप्तर ठेवायचे. कालवड लहान वयात भरवली तर पुढे काय होते, हे आपणांस कुणी सांगायला नको, तेव्हा नियम चांगले आहेत हे कुणीही कबूल करील. त्यांचा उपयोगही होईल, पण जिथे पिलाला पैसा मिळतो तिथे. गिऱ्हाईक कागद मागू लागलं की विकणारा सुधारतो. दुधाला फॅटवर भाव मिळू लागला तेव्हा आपल्या गावात काय झालं ते आठवा.

सीमेपलीकडचे मुधोळ पाहा. घोरपडे संस्थानिकांनी तेथील शिकारी कुत्र्यांना नाव मिळवून दिले. आज तिथे तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि २०१६ साली तेथली पिले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेली. आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात ते त्याच रक्ताचे. अशा कुत्र्याची वंशावळ लिहून ठेवण्यात पाळणाऱ्याचाच फायदा असतो. तिथे कायदा चांगल्या माणसाच्या पाठीशी उभा राहतो.

अण्णांच्या कुत्र्याला कसली वंशावळ! त्याची आई कुणीतरी पोत्यात घालून रस्त्यावर सोडली होती. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी असे राज्यांना कळवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले. ते टिकले असते तरी माझ्या फडाकडेला काही फरक पडला नसता. चावलं ते गावठी होतं.

माझे मत स्पष्ट सांगतो. नुसता दंड वाढवला तर मालक वाढणार नाहीत, कमी होतील. ५,००० रुपये भरण्यापेक्षा "आमचं न्हाई" म्हणणं स्वस्त. आधी "माझं" म्हणण्यात लोकांची सोय झाली पाहिजे.

गोव्यात २०१३ पासून हेच केले. लसीची माणसे दारोदार, वाडीवाडीवर गेली. पुढे दरसाल सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचू लागले. पाळीव-मोकाट असा भेद केला नाही. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. शंभरातली सत्तर कुत्री टोचली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गटात हे जमण्यासारखे आहे. गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर वस्तीवरच्या कुत्र्याचीही नोंद घ्यावी, हंगामाआधी लसीचा दिवस ठरवावा, टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालावा. कोप्यांवरची कुत्रीही त्यात धरावीत. ती पोरं आपल्याच उसापायी इथे येतात.

बिबट्याचाही यात संबंध आहे. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे वस्तीभोवती मोकाट कुत्री वाढली की उसातल्या पाहुण्याचे ताट आपणच वाढून ठेवतो. असो.

पोरीचे सांगायचे राहिले. जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुतली, मग सरकारी दवाखान्यात नेलं. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. आता दंडात देतात, पण ठरल्या तारखेलाच घ्यावी लागतात. तोडीवरच्या माणसाला तारीख कसली? मुकादमाने त्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवल्या.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी टोळी दुसऱ्या गटात, वीस किलोमीटरवर होती. अण्णा आपणहून मोटारसायकल घेऊन गेले, पोरीला आणि तिच्या आईला दवाखान्यात नेऊन परत सोडून आले. येताना माझ्याकडे थांबले. चहा घेतला, पावसाचं बोलले, उसाच्या बिलाचं बोलले. कुत्र्याबद्दल अक्षर काढलं नाही. उठताना एवढंच विचारलं, "तो लशीचा डॉक्टर कधी येतो म्हणालास?"