आठ इंच दोरी

तीन रात्रींच्या गाइड शिबिराचं संमतीपत्र वर्गात वाटलं की दुसऱ्या दिवशी एखादी अम्मी शाळेत येतेच. "मॅडम, मुलीच्या जातीला तंबूत राहणं कशाला?" यवतमाळ जिल्ह्यात शिकवणाऱ्या आम्हाला हा प्रश्न आता पाठ झाला आहे. राग येत नाही. शंभर वर्षांपूर्वी लंडनमधल्या आयाही हेच विचारत होत्या.

१९०८ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' निघालं. पुस्तक मुलांसाठी, पण ते मुलींनीही वाचलं. १९०९ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात काही मुली स्वतःच हजर झाल्या. आम्हीही स्काउट, म्हणाल्या. मुलींनी मुलांसारखं रानोमाळ हिंडणं तिथल्या आईबापांना रुचणारं नव्हतं. म्हणून १९१० मध्ये त्यांची वेगळी संघटना झाली, नाव 'गाइड'. सूत्रं रॉबर्ट यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे आली.

१९१२ मध्ये या बहीणभावाचं मुलींसाठीचं पहिलं हँडबुक आलं. त्याच्या नावातच साम्राज्य उभारण्याची भाषा आहे. ती आपल्याला कशी रुचावी! पण आत पाहिलं तर मौज वाटते. आईबाप खूश व्हावेत म्हणून शुश्रूषा, बाळाची देखभाल, घरकाम. आणि त्याच पुस्तकात आठ इंच दोरीने चोर कसा बांधावा हेही! दोरीच्या दोन्ही टोकांना सरकगाठ मारायची, चोराचे हात पाठीमागे घेऊन करंगळ्या त्यात अडकवायच्या, त्याला पालथा पाडून पाय दोरीखालून घ्यायचे. हे लिहिणाऱ्या ॲग्नेसबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या.

भारतातली पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपुरात सुरू झाली. जबलपूर आणि यवतमाळ तेव्हा एकाच प्रांतात, मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. सुरुवातीला दार गोऱ्या मुलींपुरतंच उघडं होतं, आपल्या मुली नंतर आल्या. १९५१ मध्ये गाइड 'भारत स्काउट्स अँड गाइड्स'मध्ये सामील झाल्या. धाकट्या मुलींना इथे 'बुलबुल' म्हणतात. प्रतिज्ञेत ईश्वराप्रति कर्तव्य येतं, ते जिने तिने आपल्या दीनप्रमाणे समजून घ्यायचं.

परवा आलेल्या अम्मीला आम्ही ही करंगळ्यांची गंमत सांगितली. ती हसली, पण कागद तसाच घडी करून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुलीने सही केलेलं संमतीपत्र आणलं. रात्री भाईजानला पालथं पाडून प्रयोग झाला होता. दोरी सापडली नाही, म्हणून ओढणीची किनार वापरली.