एनएव्हीची गणना : स्वयंचलित प्रक्रियांचे वेळापत्रक व देखरेख

म्युच्युअल फंडाचे निव्वळ मालमत्ता मूल्य, अर्थात एनएव्ही, ही दुपारी ३.३० वाजता शेअर बाजार बंद झाल्यानंतर चालणाऱ्या अनेक स्वयंचलित प्रक्रियांची फलनिष्पत्ती होय. बंद भावांची फाईल, दिवसाचे व्यवहार, लाभांश-बोनसच्या नोंदी व खर्चाची आकारणी यांवर ती अवलंबून असते.

येथे केवळ घड्याळावर विसंबणे धोक्याचे ठरते. सायंकाळी ७ वाजता मूल्यांकन सुरू करण्याचा आदेश युनिक्समधील ‘क्रॉन’ला दिल्यास तो भावांची फाईल आली किंवा नाही हे पाहत नाही. मग कालच्याच भावांवर गणना होऊन पडद्यावर ‘यशस्वी’ अशी नोंद उमटू शकते. म्हणून आधीची पायरी पूर्ण झाल्यावरच पुढची सुरू होणारी रचना श्रेयस्कर.

मात्र तीही अपुरी आहे. समजा, एका कंपनीने एकास एक बोनस दिला. भाव निम्म्यावर आला. परंतु शेअरसंख्या दुप्पट करणारी नोंद राहून गेली. सर्व प्रक्रिया विनातक्रार पार पडतात आणि त्या गुंतवणुकीचे मूल्य निम्मेच दिसते. परिणामी त्या दिवशी युनिट विकणाऱ्याचे नुकसान होते, तर घेणाऱ्यास अकारण अधिक युनिटे मिळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी देखरेख येथे सुरू होते: फाईलमधील तारीख, नोंदींची संख्या, कालच्या मूल्याशी असलेली तफावत यांची तपासणी करणे, आणि मर्यादा ओलांडली जाताच एनएव्हीचे प्रकाशन रोखून जबाबदार व्यक्तीस कळविणे.