लकव्यानंतर हातापायाला पुन्हा जाग

लकवा झाला की घरचे लुळ्या हाताला तेल चोळतात. पण बिघाड हातात नसून मेंदूत असतो. रक्तपुरवठा तुटल्याने मेंदूचा काही भाग मरतो. उरलेला भाग त्याचे काम थोडेफार शिकू शकतो, मात्र त्याला हातापायाकडून सतत खबर मिळावी लागते. स्पर्श ही ती खबर.

त्यासाठी घरातल्या वस्तू पुरतात. तळव्यावर गोणपाट, मऊ फडके, गार तांब्या फिरवा. डोळे मिटून ‘हे काय?’ ओळखायला सांगा. तांदळाच्या टोपलीत हात घालून चिंचोके शोधू द्या. मग त्याच हाताने वस्तू उचलायला लावा. नुसत्या स्पर्शाने हालचाल येत नाही. तोल यावा म्हणून भिंतीजवळ अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करा. शेजारी धरायला माणूस हवाच.

शेक देऊ नका. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणून पाड्यावरचा आजारी खाटेवर पडून राहू देऊ नका. डॉक्टरांना विचारून लगेच, रोज थोडे थोडे सुरू करा.