सपाट कापड, गोलाकार अंग

शिवणकामातला मूळ प्रश्न भूमितीचा आहे. मागावरून उतरलेले कापड सपाट असते आणि माणसाचे अंग कुठेच सपाट नसते. खांदा उतरता, पाठ किंचित बाकदार, कंबर आत गेलेली. साडीने आणि धोतराने हा प्रश्न निऱ्या घालून, कात्री न लावताच सोडवला. चोळी, सदरा, कोट यांना तो कापून आणि जोडून सोडवावा लागतो. छंद म्हणून शिवण हाती घेणारी माणसे बहुधा टीप सरळ कशी येईल याच्या मागे लागतात. टीप सरावाने सरळ येतेच. कापड कसे वागते हे कळायला जास्त वेळ लागतो, आणि कपडा अंगावर बसणार की लोंबणार हे त्यावरच ठरते.

विणलेल्या कापडात काठाला समांतर जाणारे उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांना छेद देणारे आडवे धागे म्हणजे बाणा. सुती रुमालाचे समोरासमोरचे दोन काठ धरून ओढले तर तो जेमतेम ताणतो. तोच रुमाल समोरासमोरचे कोपरे धरून ओढला की चांगला लांबतो आणि मधे अरुंद होतो. धागे तेच, जोरही तोच. फरक इतकाच की तिरक्या ओढीत धाग्याला लांब व्हावेच लागत नाही, दोन धाग्यांमधला काटकोन कलतो. दुकानाचे सरकते लोखंडी जाळीदार दार उघडताना त्यातले चौकोन जसे कलतात, तसेच विणीतले बारीक चौकोन कलतात. गळ्याला लावायची क्रॉस पट्टी ४५ अंशांत कापतात ती याचसाठी. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात अख्खे पोशाख तिरक्या कापडाचे बेतले आणि ते एरवी लागणाऱ्या आधाराशिवाय अंगाला धरून राहिले. उलट, कापड वाचवण्याच्या नादात पायजम्याचा पाय उभ्या धाग्यापासून थोडा जरी कलता कापला, तर धुतल्यावर तो पायाभोवती पिळत जातो. मग शिवणीला दोष देण्यात अर्थ नसतो.

सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवावे, असे शिवणवर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत ताण्याचे धागे खेचलेले राहतात. पाणी लागले की ते सैल पडून आपल्या मूळ लांबीकडे परततात. हे आटणे बेतापूर्वी झालेले बरे.

आता भूमितीकडे. सपाट पृष्ठ न ताणता, न दुमडता गोलावर बसवता येत नाही, हे जर्मन गणिती गाउस यांच्या १८२७ सालच्या सिद्धांतातून निघते. चेंडू कागदात गुंडाळताना पडणाऱ्या सुरकुत्या हा त्याचा रोजचा पुरावा. कापड मात्र कागद नव्हे. रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव यांनी १८७८ साली पॅरिसमध्ये चक्क कपड्यांच्या कापणीवर व्याख्यान दिले. त्यांच्या मांडणीत कापड म्हणजे न ताणणाऱ्या धाग्यांचे जाळे; त्यात बदलतो तो फक्त धाग्यांमधला कोन. या एका मोकळिकीमुळे कापड थोड्या बाकावर सुरकुतीविना बसते. गणितात अशा जाळ्यांना आजही चेबिशेवांचे नाव आहे. शिंप्यांना हे हाताने ठाऊक होतेच, पण त्यावर समीकरण मांडावेसे एखाद्या मोठ्या गणितीला वाटले, ही गोष्ट सुखावणारी आहे.

कोन बदलण्याला मर्यादा असते. बाक तीव्र झाला की टक्स घ्यावा लागतो. टक्स म्हणजे कापडातून पाचरीएवढा भाग चिमटीत धरून मिटवणे. वर्तुळातून पाचर काढून कडा जोडल्या की शंकू तयार होतो. ब्लाउजच्या टक्सात तेच घडते. शंकूला टोक असते, शरीराला नसते. म्हणून टीप उंचवट्याच्या शिखरापर्यंत न नेता दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडे, निमुळती करत संपवतात. एकदम तोडली तर तिथे कापडाचा फुगा दिसतो. कटोरी ब्लाउजमध्ये वेगळा टक्स दिसत नाही, कारण तो वाकड्या जोडातच मुरवलेला असतो.

गोल गळ्याचे गणित आणखी मजेचे आहे. गळ्याच्या शिवणीला आतल्या बाजूने एक सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेपलीकडचे जादा कापड, ठेवली, तर मायेची कड शिवणीच्या वर्तुळापेक्षा एक सेंटिमीटर कमी त्रिज्येच्या वर्तुळावर असते. पट्टी उलटवली की त्याच कडेला एक सेंटिमीटर जास्त त्रिज्येच्या वर्तुळावर पसरावे लागते. दोन परिघांतला फरक सुमारे १२.६ सेंटिमीटर भरतो, आणि गळा लहान बाळाचा असो की पैलवानाचा, तो तेवढाच राहतो. एवढी लांबी कुठून तरी आणायला हवी. मायेला टिपेपर्यंत जवळजवळ काप देतात ते यासाठी; उलटवल्यावर प्रत्येक काप उघडतो आणि सगळे मिळून ती तूट भरून काढतात. काप दिले नाहीत तर गळा आखडतो. माया अर्ध्यावर आणली तर तूटही अर्धी होते, म्हणून अनुभवी हात आधी माया छाटतात आणि मग काप देतात.

टाका धरून ठेवतो तो घर्षणाने. दोरा कापडातून जाताना प्रत्येक छिद्रापाशी वळतो आणि दर वळणागणिक पकड वाढत जाते. त्यामुळे धावदोऱ्याची लांब ओळ शेवटची गाठ सुटली तरी लगेच उसवत नाही. उलटी टीप घालताना सुई मागे जाऊन पुढे येते, खालच्या बाजूला दोरा स्वतःवरच चढतो आणि शिवण हाताच्या टाक्यांत सर्वांत मजबूत होते. गोधडीचे काम मात्र साध्या धावदोऱ्यावरच भागते. तिथे जोडाच्या ताकदीपेक्षा जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर सरकू न देणे महत्त्वाचे. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते. दोरा फार ओढला तर ती हवा निघून जाते आणि गोधडी जड असूनही गार लागते.

सुई फार जुनी आहे. सायबेरियात हाडाच्या, नेढे असलेल्या सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या सुया सापडल्या आहेत. ऋग्वेदातही सुईचा उल्लेख येतो, त्यामुळे शिवण भारतात फार उशिरा बाहेरून आले ही समजूत टिकत नाही. सुईत मोठा बदल झाला तो एकोणिसाव्या शतकात, जेव्हा नेढे मागच्या टोकाकडून अणकुचीदार टोकाकडे गेले. अशी सुई कापडातून पूर्ण पार होत नाही. दोरा घेऊन खाली जाते आणि आल्या वाटेने परतते. अमेरिकेत एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टिपेच्या यंत्राचे पेटंट घेतले, आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये सुधारित यंत्राचे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले.

या यंत्रातली खरी करामत पाटाखाली घडते. सुई सर्वांत खाली पोचून दोनेक मिलिमीटर वर उठते. तिच्या एका बाजूला लांब खाच असते, तिथे दोरा मोकळा राहतो. दुसऱ्या बाजूला तो सुई आणि कापड यांच्यात अडकतो, वर येऊ शकत नाही आणि बाहेर फुगतो. त्या फासात शटलचे टोक शिरते, त्याला खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवते, आणि वरची दांडी उरलेला दोरा ओढून टाका कापडाच्या मधोमध बसवते. सुई कापडाबाहेर असतानाच खालचे दाते कापड एका टाक्याएवढे पुढे सरकवतात. म्हणून कापड हाताने ओढू नये. ओढले तर सुई वाकते आणि शटल फास चुकवते. टाके सुटण्याचे नेहमीचे कारण वाकलेली किंवा उलटी बसवलेली सुई हेच असते. कापडाखाली दोऱ्याचे जाळे झाले की नवशिके बॉबिन तपासतात, पण बहुतेकदा चूक वर असते: वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो.

सुईचा क्रमांक ठरवणे हे मोठे अक्कलहुशारीचे काम नाही. १४/९० मधला ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी. मलमलीला ७५, जीन्सला १०० किंवा त्याहून जाड. होजिअरीच्या कापडाला मात्र गोलसर टोकाची सुई लागते, कारण धारदार टोक विणीतला फास तोडते आणि नंतर तिथून भोक वाढत जाते. याच कापडावर सरळ टीप ताणताच तुटते. झिगझॅग टिपेत दोऱ्याची जादा लांबी साठलेली असते, ती ताण सोसते. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर निवडावा, हेही जुने शहाणपण आहे. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, फाटलेल्या कापडाला ठिगळच लागते.

इस्त्री शेवटी एकदा फिरवायची नसते, प्रत्येक जोडानंतर फिरवायची असते. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. वाफ आणि उष्णता ते सैल करतात आणि थंड होताना नव्या घडीत पुन्हा जुळवतात. म्हणून दाबलेला जोड गार होईपर्यंत हलवू नये. सुती कापड सुमारे २०० अंश सेल्सिअस सोसते, त्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतात. पॉलिस्टरला दोन, म्हणजे १५० अंश. मिश्र कापडाला कमी तापमानाचाच नियम लावतात आणि वर ओलसर सुती फडके ठेवतात.